जुनी १.३ स्विफ्ट रोजच्या वापराला: साताऱ्याच्या रस्त्यांवर घेण्यापासून सांभाळण्यापर्यंत

साताऱ्यात रोजची गाडी म्हणजे सकाळी पोरांना शाळेत सोडायचं, मग एमआयडीसी नाहीतर कोरेगाव गाठायचं, संध्याकाळी राजवाड्याच्या आसपास पार्किंग शोधायचं आणि रविवारी यवतेश्वरचा घाट चढायचा. हे सगळं करून वर चालवायला मजा यावी, आणि नव्या गाडीचा हप्ताही मानेवर नको, अशी अट घातली की यादी फार लहान होते. झेन हलकी आणि चपळ, पण शेवटची झेनसुद्धा २००६ची. पॅलिओ १.६ रस्त्याला चिकटून पळते, पण तिचा एखादा पार्ट शोधत पुण्या-मुंबईला फोन लावत बसण्याची तयारी हवी. रोज कामावर जाणाऱ्याला ते परवडत नाही. उरते ती पहिल्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट.

ही गाडी मे २००५ मध्ये आली. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८७ बीएचपी आणि वजन हजार किलोच्या आसपास. जी१३बीबी हे तिचं इंजिन एस्टीममध्येही होतं आणि जिप्सीतही. स्विफ्टने ते सोडल्यावरही जिप्सी कित्येक वर्षं त्याच इंजिनावर निघत राहिली. म्हणूनच आज या इंजिनाचे पार्ट मिळतात आणि ते उघडायला मिस्त्री घाबरत नाहीत. २०१० मध्ये पेट्रोल स्विफ्टमध्ये १.२ के-सिरीज इंजिन आलं. त्यात टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, अ‍ॅव्हरेजही थोडं बरं. नुसता हिशोब बघणाऱ्याने ती घ्यावी. घाटात तिसऱ्या गिअरवर इंजिन गात वर चढावं असं वाटत असेल तर १.३. डिझेल स्विफ्ट इथे धरलेली नाही. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याला जुन्या डिझेलचे इंजेक्टर आणि टर्बो म्हणजे विकतचं दुखणं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करू. अशी गाडी किलोमीटरमुळे म्हातारी होत नाही, रबरामुळे होते. वेळेवर ऑइल बदललेलं हे इंजिन दोन लाख किलोमीटर सहज बघतं. पण पंधरा वर्षांचा होस पाईप, बुश किंवा अ‍ॅक्सलचा बूट हा पंधरा वर्षांचाच असतो, गाडी चाळीस हजार चाललेली असो नाहीतर दीड लाख. "डॉक्टरांची गाडी, फार कमी रनिंग" हे ऐकून किंमत वाढवू नका.

आधी कागद

गाडी बघायला जाण्याआधी आरसीचा फोटो मागवा आणि त्यावरची वैधतेची तारीख वाचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २००८ची गाडी २०२३ मध्येच या टप्प्याला आलेली आहे. नूतनीकरण झालं नसेल तर ते विकणाऱ्याने करून द्यावं, किंवा तो खर्च किमतीतून वजा व्हावा. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे, आणि ऑगस्ट २०२५च्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. त्याशिवाय पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला असेल तर महिन्यागणिक वाढणारा दंडही वेगळा. २००५-०६ची स्विफ्ट स्वस्त का मिळते याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

दिल्लीत जुन्या गाड्यांवर असलेली वयाची बंदी आपल्याकडे नाही. नोंदणी, विमा आणि पीयूसी चालू असेल तर गाडी बिनघोर चालवा.

एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड, एमएच-१० सांगली. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर नावावर करायला वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही तुमच्यासमोर झाली पाहिजे. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा नमुना ३५ आणि बँकेचं पत्र घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. खरेदीनंतर ३० दिवसांत तुमच्या बाजूचा अर्ज गेला पाहिजे. विमाही नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे एजंटने "बोनससकट पॉलिसी" म्हटलं की हसून सोडून द्या. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्यावी लागते. ती बसली आहे का, हेही तेव्हाच बघा.

पुरात भिजलेली गाडी कशी ओळखायची

आपल्या भागात गाडी घेताना हे काम टाळून चालत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते सगळ्यांनी पाहिलं. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीट कव्हर नवीन, डॅशबोर्डवर पॉलिश, आणि आत अत्तराचा भपकारा. त्या वासाखाली ओल्या गोणपाटासारखा दुसरा वास येतोय का, ते दार उघडल्या उघडल्या घ्या. पाच मिनिटांनी नाक सरावतं.

मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात तो निम्माच बाहेर येतो, उरलेला भाग गुंडाळीतच राहतो. पाण्यात गेलेल्या गाडीत त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर एक फिकट तपकिरी रेघ असते, आणि तिच्यापुढे पट्टा जरा ताठ लागतो. धुणारा तिथपर्यंत सहसा पोचत नाही. पुढच्या सीटखाली हात घालून बोल्ट चाचपा. सीटचे बोल्ट गंजायला त्यांना पाणी मिळालं पाहिजे, आणि गाडीच्या आत पाणी यायचं दुसरं कारण फारसं नसतं. डिकीचा गालिचा उचलून स्टेपनीच्या खोलग्यात कोपऱ्यात बोट फिरवा. बारीक मऊ गाळ लागला तर तो धुळीचा नव्हे, नदीचा. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरिंगचे कनेक्टर बघा. तांब्यावर हिरवट थर दिसला तर तिथूनच परत फिरा. इंजिन दुरुस्त होतं, पत्राही होतो, पण भिजलेलं वायरिंग तीन-तीन महिन्यांनी नवीन जागी बोलतं.

साधा ओला गालिचा मात्र लगेच पूर समजू नका. फक्त डाव्या बाजूच्या पुढच्या सीटसमोरची पायाखालची जागा ओली असेल तर बहुतेक एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असते. दहा मिनिटांचं काम आहे. ओल चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल तर ते कूलंट. म्हणजे हीटरचा कोअर गळतोय, आणि त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

गंज आणि पत्रा

साताऱ्याच्या पश्चिमेला, कास, बामणोली, मेढा, महाबळेश्वर या पट्ट्यात राहिलेली गाडी आणि म्हसवड-दहिवडीकडची, म्हणजे दुष्काळी माण तालुक्यातली गाडी यांत गंजाचा फरक डोळ्यांना दिसतो. माणची गाडी रंगाने उडालेली असेल, पण पत्रा कोरडा असतो. तीच घ्या. रंग परत मारता येतो.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. माती आणि पाल्याने ती बुजली की दार आतून कुजतं. काडी घालून बघा, मोकळी आहेत का. मग दोन्ही बाजूंचा रनिंग बोर्ड, मागच्या चाकांवरची कमान, आणि बॉनेट उघडल्यावर शॉकअप जिथे पत्र्याला बसतो त्या गोल जागा. या शेवटच्या जागेचा गंज म्हणजे व्यवहार संपला. बाकीचा वेल्डिंगने निभावता येतो. फ्रिजवरचा पातळ चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. एखाद्या दाराला भरलेली असेल तर चालतं, या वयाच्या गाडीला ओरखडे असणारच. छताला किंवा ए-पिलरला, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबाला, लांबी लागली असेल तर ती गाडी उलटलेली असू शकते.

अंडरकोटिंग नवीन आणि काळं कुळकुळीत दिसलं तर खूश होण्यापेक्षा संशय घ्या. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आतच कोंडून ठेवतं.

चालवून बघताना

मालकाला आदल्या रात्रीच सांगा: गाडी सुरू करू नका, आम्ही आल्यावरच करू. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करा. ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघा. दह्यासारखा पांढरट थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी. हेड गॅस्केटची शंका. रिझर्व्ह टाकीतलं कूलंट हिरवं किंवा लाल दिसलं पाहिजे. गंजाच्या पाण्यासारखं तपकिरी, गढूळ असेल तर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं आहे आणि रेडिएटर क्षारांनी अर्धा भरला आहे.

सुरू करा. थंड इंजिन आधी थोडं वरच्या आरपीएमवर चालेल, मग ८००च्या आसपास स्थिरावेल. सुरुवातीची मिनिटभर टकटक माफ. गरम झाल्यावरही राहिली तर नाही. सायलेन्सरमधून सकाळी थोडी वाफ निघणं साहजिक आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो फक्त सुरू करताना येऊन गेला तर व्हॉल्व्हची सील, चढावर रेस देताना येतच राहिला तर पिस्टनच्या रिंग. पहिला खर्च पेलवतो, दुसरा गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

गाडी उभी ठेवूनच एसी बंद करून रेडिएटरच्या पंख्याची वाट बघा. तो आपोआप दोनदा चालू-बंद झाला आणि तापमानाचा काटा मध्यावर राहिला तर कूलिंग ठीक. घाई करून पाच मिनिटांत निघणाऱ्याला ही गोष्ट कळत नाही, आणि मालकालाही तेच हवं असतं.

क्लचसाठी सपाट मोकळी जागा गाठा. हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. ते गुरगुरत राहिलं तर प्लेट संपली. समर्थ मंदिराच्या चढावर रोज अर्धा क्लच धरून उभ्या राहणाऱ्या गाड्यांची प्लेट लवकर जाते, हे साताऱ्याच्या मिस्त्र्यांना तोंडपाठ आहे.

मग खराब रस्ता शोधा, साताऱ्यात तो शोधावा लागत नाही. ऐकायचं असं: बारीक खडीवर पुढून खडखड आली तर स्टॅबिलायझर लिंक. खड्ड्यात धप्प आवाज आणि ब्रेक मारताना गाडी बाजूला सरकत असेल तर लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग टंग् करून सुटल्यासारखी वाटली तर शॉकअपचं वरचं माउंट. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरताना कट-कट-कट आलं तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट, म्हणजे बूट फाटून ग्रीस केव्हाच उडालेलं. साठच्या वेगात वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी गुणगुण म्हणजे बेअरिंग. गाडी डावीकडे वळवल्यावर ती वाढली तर उजव्या चाकाचं, कारण भार तिकडे जातो. यातला कुठलाही एक दोष असला म्हणून गाडी सोडायची गरज नाही. तीन असतील तर किंमत पाडा, पाचही असतील तर पुढची गाडी बघा.

बॅटरीजवळ मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२च्या खाली अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवं. या गाडीचं पॉवर स्टीअरिंग विजेवर चालतं. त्यामुळे कमजोर बॅटरीत त्याचा दिवा लागतो, आणि लोक हजारोंचा स्टीअरिंग कॉलम बदलायला निघतात. आधी बॅटरी आणि अर्थची वायर बघा. तसंच, स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर २०१०च्या आधीच्या गाडीशी बोलेलच असं नाही. न बोलल्यास ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, खराब समजू नका.

शक्य असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चार सिलिंडरमध्ये एकमेकांत पंधरा पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. आकडा थोडा कमी पण सगळीकडे सारखा असेल तर गाडी म्हातारी आहे, आजारी नाही.

पहिला महिना

आता खरं काम. जितक्याला गाडी घेतली त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला ठेवलेले असायला हवेत. जुनी गाडी रस्त्यात बंद पडते ती बहुतेक वेळा शे-दोनशे रुपयांच्या रबरापायी. म्हणून "मोडेल तेव्हा बघू" सोडा आणि खालचं सगळं एकदाच, दोन-तीन दिवस गाडी गॅरेजला देऊन उरका.

पहिला नंबर टायमिंग बेल्टचा. मागच्या मालकाने बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. नुसता बेल्ट नव्हे: सोबत टेन्शनरचं बेअरिंग, क्रँक आणि कॅमची पुढची ऑइल सील, आणि वॉटर पंप. पंप काढायचा तर बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणजे सहा महिन्यांनी पंप गळला की तीच मजुरी पुन्हा. जुनं सील ऑइल पाझरू लागलं की नवा बेल्टही सुजतो आणि दात सोडतो. बेल्ट चढवून झाल्यावर मिस्त्रीने पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळवल्या पाहिजेत. उभे राहून बघा. थेट चावी मारणाऱ्याकडे पुढचं काम देऊ नका. पुढे किलोमीटर काहीही होवोत, सात-आठ वर्षांनी बेल्ट पुन्हा.

त्याच दिवशी कूलिंगची बाजू. वरचा-खालचा रेडिएटर होस, हीटरचे दोन होस, थर्मोस्टॅट, रेडिएटरची कॅप. कॅपवर जो दाबाचा आकडा आहे तोच नव्यावर असावा. होस दाबून बघा. कडक, पापडासारखा तडतडणारा किंवा क्लॅम्पपाशी फुगलेला असला की गेला. जुनं पाणी इंजिन थंड असताना काढा, साध्या स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून टाका, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरा, पंखा दोनदा फिरेपर्यंत चालू ठेवा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. हवा अडकली तर काटा उगाच वर जातो आणि मिस्त्री गॅस्केटवर बोट ठेवतो.

इंजिन ऑइल १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०, फिल्टरसकट. तीन लिटर ओता, मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबून उरलेलं डिपस्टिक बघत थोडं थोडं घाला. वरच्या खुणेच्या वर नेऊ नका. जास्त ऑइल घुसळून फेस होतो आणि सीलवर ताण येतो. पुढे दर आठ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला. गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९०, पण जीएल-४ प्रतीचं. दुकानदार जीएल-५ पुढे करतो; त्यातली काही द्रव्यं गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत आणि दुसरा गिअर खरखरायला लागतो. भरायच्या नटातून ओघळू लागेपर्यंत भरायचं. बऱ्याच जुन्या स्विफ्टमध्ये हे ऑइल पहिल्यापासून बदललेलंच नसतं. बदलल्यावर थंड सकाळी पहिला गिअर किती मऊ पडतो ते बघण्यासारखं असतं.

प्लग चारही नवे, गॅप १.० ते १.१ मिमी. हायटेन्शन वायर पावसाळ्याच्या तोंडावर मिसिंग मारतात. अंधारात बॉनेट उघडून वायरवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर बदला. थ्रॉटल बॉडी साफ केली की वर-खाली होणारं आयडलिंग बहुधा जागेवर येतं. एअर फिल्टर, व्हॅक्यूमचे बारीक पाईप आणि इंजिनाची माउंटिंग यांत विशेष सांगण्यासारखं नाही. तडा दिसला की बदला.

मग खाली. चार अ‍ॅक्सल बूट, पुढचे लोअर आर्म, लिंक, स्टॅबिलायझरचे बुश. नुसते बुश दाबून बसवण्यापेक्षा आर्म अख्खा घ्या. बॉल जॉइंटही त्याच्यासोबत नवा येतो आणि मजुरी एकदाच जाते. मात्र आर्मचा मागचा-पुढचा मोठा बोल्ट गाडी जमिनीवर, वजनाखाली असतानाच शेवटचा आवळायचा. जॅकवर लटकलेल्या गाडीत आवळला तर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि वर्षभरात फाटतं. "नवीन बुश टाकूनही पुन्हा आवाज" या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. शेवटी अलाइनमेंट.

टायरची जाडी नंतर, आधी तारीख. कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर गोटे भरून असला तरी ओल्या डांबरावर काचेसारखा घसरतो. एलएक्सआय-व्हीएक्सआय या खालच्या मॉडेलांचं माप १६५/८० आर१४. त्याच रिमवर वरच्या झेडएक्सआय मॉडेलचा १८५/७० आर१४ बसतो आणि व्यासात एक टक्क्याचाही फरक पडत नाही. वळणावर गाडी लक्षात येण्याइतकी स्थिर होते. याच्यापुढे रुंद टायर आणि मोठी अ‍ॅलॉय नकोत. इंजिन ८७ बीएचपीचं आहे, खड्डे साताऱ्याचे आहेत. टायरवाला हवेच्या गनने नट घट्ट करतो तिथे थांबवा. ८५ न्यूटन-मीटर पुरतात, हाताच्या पान्यानेच शेवटचं आवळून घ्या. नाहीतर पंक्चर झाल्यावर रस्त्यात नट निघत नाही.

पेट्रोल

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं असलं तरी ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. याने इंजिन लगेच बसत नाही, पण जुने रबरी इंधन पाईप मऊ पडतात, चिरतात. ते इथेनॉलला चालणारे घेऊन बदला. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. गावात बारा, हायवेला सोळाच्या आसपास मिळत असेल तर गाडीत दोष शोधू नका. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. आणि रिझर्व्हवर फिरायची सवय मोडा. पंप टाकीच्या आत असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला, त्यानेच थंड राहतो.

सीएनजी किट बसवू नका. डिकी जाते, मागचा भार वाढतो, आणि ज्या मजेसाठी ही गाडी घेतली ती तिथेच संपते.

घाट आणि ब्रेक

पसरणी, केळघर, यवतेश्वर हे तिन्ही घाट उतरताना या गाडीची परीक्षा होते. पुढे डिस्क, मागे ड्रम. एकाच माणसाला पुरेसे, पाच माणसं आणि बॅगा घेऊन महाबळेश्वरहून खाली येताना मात्र ब्रेक धरून ठेवला तर काही मिनिटांत पेडल मऊ पडतं. कारण ऑइलमध्ये मुरलेलं पाणी. डॉट ३ ब्रेक ऑइल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल मुरल्यावर १४० अंशांनाच. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते, पेडल नुसतं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला. डॉट ४ घातलं तर आणखी बरं. लिटरभर पुरतं. सर्वात लांबच्या चाकापासून सुरू करून नळीत स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढायचं. त्याच वेळी पुढचे रबरी ब्रेक पाईप वाकवून चिरा बघा, कॅलिपरच्या पिना ग्रीस करा, मागचे व्हील सिलिंडर पाझरतात का ते ड्रम काढून बघा.

उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं. यवतेश्वरच्या वळणांवर दुसरा. ब्रेक दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा. सतत अर्धवट पाय ठेवणं हेच नुकसान करतं. चढताना हे इंजिन ४५०० आरपीएमला सर्वाधिक जोर देतं, त्यामुळे चौथ्यात रेटत बसण्यापेक्षा तिसऱ्यात मोकळं फिरू द्या. आवाज वाढला म्हणजे इंजिनाला त्रास होतोय असं नाही. त्याला त्रास होतो दीड हजार आरपीएमवर चौथ्यात पाय दाबून चढवण्याचा. फुलांच्या दिवसांत मात्र कासच्या रस्त्यावर धुकं, दुचाकी आणि रस्त्यातच थांबलेल्या गाड्या. तेव्हा मजा आठवड्याच्या मधल्या दिवसासाठी राखा.

काटा लालकडे चालला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि सापडेल त्या सपाट जागी थांबा. अर्धा तास कॅपला हात लावू नका. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हटलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि सगळा हिशोब उलटा होतो.

हंगामाप्रमाणे

मे महिन्यात वायपर, दारांच्या भोकांची सफाई, काचेखालच्या जाळीत साठलेला पाला काढणं, वायरिंगच्या सॉकेटांवर कॉन्टॅक्ट क्लीनर. दाराचं बीडिंग कडक झालं असेल तर बदला. त्याला ग्रीस लावू नका, सिलिकॉनचा फवारा मारा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखाने सुरू होतात आणि रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या येतात. जुन्या स्विफ्टच्या पिवळट हेडलाइटात त्या पन्नास फुटांवर येईपर्यंत दिसत नाहीत. काच बदलायची गरज नाही. भोवती मास्किंग टेप लावा, ८००, १५०० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी मारत एकाच दिशेने घासा, मग पॉलिश करून वर यूव्ही थर द्या, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेच. बल्ब एच४, ६०/५५ वॅटचाच. १००/९० वॅटच्या मोहात पडलात तर सॉकेट वितळतं. ६०/५५लाच रिले टाकून जाड वायरने थेट बॅटरीवरून वीज दिली तर प्रकाशातला फरक पहिल्या रात्रीच दिसतो.

डिकीत कायम ठेवायचं: फॅन बेल्ट, एक वरचा होस, दोन क्लॅम्प, फ्यूज, एक हेडलाइट बल्ब, कूलंटची लिटरची बाटली, टेप, १० ते १७ पाने, चाकाचा लांब दांड्याचा पाना, टॉर्च. ग्लोव्हबॉक्समध्ये छोटी वही: तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या कंपनीचं. पुढच्या वर्षी मिस्त्रीने "हे बदलावं लागेल" म्हटलं की त्या वहीतलं पान उघडून त्याच्यासमोर धरता येतं.

आणि एक मर्यादा आधीच आखून ठेवा. क्लच, गिअरबॉक्स, अगदी दुसरं इंजिन टाकणंसुद्धा परवडतं, पार्ट मिळतात. शॉकअपच्या वरच्या पत्र्याला किंवा खालच्या चासीच्या पट्टीला आरपार गंज लागला की नवीन काहीही घालू नका. त्याआधी महिन्याभरात घातलेले टायर मात्र काढून घ्या. ते दुसऱ्या स्विफ्टला चालतात.